सोफा, खुर्ची, सतरंजी

लोक मैदानावर गेले की आधी खेळपट्टी पाहतात. मी आधी सोफा कुठे मांडला आहे ते पाहतो.

ह्यात माझा मोठेपणा काही नाही. ही धंद्याची खोड. सातपूरच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी तेहतीस वर्षे काढली. इतकी वर्षे टी-स्क्वेअर सरकवल्यावर माणसाला दोनच गोष्टी कळतात. एक म्हणजे नकाशा काढणारा वेगळा आणि ठरवणारा वेगळा. दुसरी म्हणजे ठरवणारा कुठे बसणार हे समजले की उरलेला नकाशा आपोआप समजतो.

आपल्याकडच्या कुठल्याही समारंभात माणसांच्या तीनच प्रती असतात : सोफा, खुर्ची आणि सतरंजी. सोफ्याला पांढरा अभ्रा असतो. त्याच्यापुढे टीपॉय, टीपॉयवर फुलदाणी, आणि फुलदाणीमुळे सोफ्यावरच्या माणसाला पुढचे काहीही दिसत नाही. त्याला ते पाहायचेही नसते. तो दिसायला आलेला असतो. त्याच्यामागे खुर्ची. लोखंडी, घडीची, पाठीवर मांडववाल्याचे नाव रंगवलेली. तिच्यावर बसणारा माणूस अर्धा वेळ सोफ्याकडे पाहतो आणि अर्धा वेळ आपली खुर्ची दुसऱ्याने ओढून नेली नाही ना ते पाहतो. आणि सर्वांत पुढे, जमिनीवर, सतरंजी. खेळ पाहायला आलेली माणसे तिथे असतात.

सातपूरला औद्योगिक वसाहत आली ती १९६२ साली. त्र्यंबक रस्त्याच्या कडेची शेते गेली आणि भोंगे आले. सातपूरला तेव्हा स्वतःची नगरपालिका होती. १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली आणि आम्ही 'नाशिकला जाऊन येतो' म्हणायचे सोडून 'गावात जाऊन येतो' म्हणू लागलो. पण मी सांगतो आहे ते त्याआधीचे. आमच्या कारखान्यासमोर, रस्त्यापलीकडे, दुसरा एक कारखाना होता. दोघांचा माल वेगळा, पण चुरस सगळ्यात. त्यांनी गणपतीला रोषणाई केली की आम्ही देखावा करायचा, त्यांच्या कँटीनमध्ये जिलबी झाली की आमच्या युनियनने श्रीखंड मागायचे. अशातच दोन्हीकडे बास्केटबॉलचे कोर्ट झाले. बास्केटबॉलच का, तर क्रिकेटला मैदान लागते आणि मैदानावर शेड उभी राहू शकते हे मॅनेजमेंटला माहीत असते. बास्केटबॉलचे कोर्ट तेव्हाच्या नियमाप्रमाणे २६ मीटर लांब आणि १४ मीटर रुंद. भंगार ठेवायला लागते त्याच्याहून कमी जागा.

आमच्या कोर्टाचा नकाशा मीच काढला. उघड्यावरचे कोर्ट लांबीने उत्तर-दक्षिण असावे, म्हणजे कलता सूर्य कोणाच्या डोळ्यांत जात नाही, हे मी पुस्तकात वाचून तसा काढला होता. पर्सोनेल मॅनेजरसाहेबांनी तो पाहिला आणि विचारले, "सोफे कुठं?" मी म्हटले, "साहेब, सोफे कुठंही ठेवता येतील." ते म्हणाले, "कुठंही नाही. कँटीनच्या उत्तरेच्या भिंतीला. सावली तिथं आहे." झाले. कोर्ट नव्वद अंशांत फिरले. पहिली पाळी साडेतीनला सुटायची, सामना चारला सुरू व्हायचा, आणि उत्तरार्धात पश्चिमेच्या बास्केटवर नेम धरणाऱ्या संघाला बास्केट दिसायच्या ऐवजी थेट सूर्यनारायण दिसायचे. आमच्या मुलांना हे ठाऊक असल्यामुळे ती उत्तरार्धात पूर्वेकडे तोंड कसे राहील ते बघत. पाहुण्या संघाचा सेंटर एकदा म्हणाला होता, "तुमच्याकडं खेळायला आलो की अर्घ्य दिल्यासारखं वाटतं."

खांब मात्र आमचे पाहण्यासारखे. मेंटेनन्स खात्याने ते केले आणि मेंटेनन्सला हलके काही करताच येत नाही. त्या खांबाला क्रेन टांगता आली असती. समोरच्यांचे खांब काडीसारखे, चेंडू आपटला की झिणझिणत राहायचे. पण त्यांचे कोर्ट उत्तर-दक्षिण होते, आणि चारी बाजूंना बांधकामातून उरलेल्या विटांच्या तीन-तीन पायऱ्या होत्या. सोफा नाही, खुर्ची नाही. त्यांचे मोठे साहेब आले तर रुमाल अंथरून पायरीवर बसत आणि त्यांच्या शेजारी हेल्पर बसलेला असे. खेळाडूंना ते कोर्ट आवडे, बघणाऱ्यांनाही आवडे. तरीसुद्धा आंतर-कंपनी स्पर्धेची फायनल दरवर्षी आमच्याकडेच व्हायची. कारण फायनलला प्रमुख पाहुणे असतात.

ह्या खेळाचा जन्मच मुळी प्रेक्षकांच्या जागेवरून झालेला आहे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या मास्तरांनी हिवाळ्यात पोरांना हॉलमध्ये खेळता येईल असा खेळ शोधला. फळांच्या दोन टोपल्या घेतल्या आणि व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून बास्केट दहा फुटांवर. जगभर आजही दहा फुटांवरच आहे. एका सुताराने बसवलेला कठडा सगळ्या जगाला पाळावा लागतो, हे ऐकून आमच्या सुतारखात्याला फार बरे वाटले होते. पुढे त्या गॅलरीत प्रेक्षक बसू लागले आणि आपल्या संघाचा चेंडू हाताने आत ढकलू लागले, समोरच्यांचा बाहेर. म्हणून मध्ये आडवी जाळी घातली, तिची पुढे फळी झाली. बास्केटच्या मागची ती फळी खेळाडूसाठी नाही हो, गॅलरीतल्या काकांसाठी आहे.

प्रेक्षक कुठे बसतो त्यावर खेळ ठरतो, हे सातपुरात मला तीनशेचौसष्ट चौरस मीटरवर कळले. मोठ्या प्रमाणावर पाहायचे तर मुंबईला जावे लागते. तिथे चर्चगेट स्टेशनच्या आसपास दोन स्टेडियम उभी आहेत : ब्रेबर्न आणि वानखेडे. दोघांत एक किलोमीटरही अंतर नाही. एका शहरात दोन स्टेडियम असणे समजू शकते. एका स्टेशनाला दोन, हे भाऊबंदकीशिवाय होत नाही. आणि भाऊबंदकी म्हटली की वाद जागेचा.

त्याही आधी मुंबईचे मोठे क्रिकेट व्हायचे बाँबे जिमखान्यावर. हिंदुस्थानातली पहिली कसोटी तिथेच झाली, १९३३ च्या डिसेंबरात, आणि लाला अमरनाथने तिथेच ११८ काढून आपले पहिले कसोटी शतक ठोकले. मैदान गोऱ्यांच्या जिमखान्याचे. हिंदी माणसाला तिथे सभासद होता येत नसे. म्हणजे मैदानावर शतक काढायला परवानगी होती, पण संध्याकाळी व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसायला नव्हती. माझ्या तीन प्रतींत सतरंजीच्याही खाली एक प्रत असते, ती ही.

त्याच १९३३ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडिया निघाला. त्याचे चिटणीस अँथनी डिमेलो म्हणजे बोलण्यात पटाईत गृहस्थ. समुद्र हटवून काढलेली बॅकबेची जमीन सरकारच्या हाती होती. डिमेलो गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न ह्यांच्याकडे गेले आणि त्यांनी विचारले म्हणे, की साहेबांना सरकारी तिजोरीसाठी पैसा पाहिजे की स्वतःसाठी अमरत्व? साहेबांनी अमरत्व घेतले. नव्वद हजार चौरस यार्ड जमीन साडेतेरा रुपये यार्डाने क्लबाला मिळाली, असे सांगतात. मी गुणाकार करून पाहिला : बारा लाख पंधरा हजार. अमरत्वाचा हा दर मला काही महाग वाटत नाही. २२ मे १९३६ रोजी ब्रेबर्नसाहेबांनी स्वतः कोनशिला बसवली. ७ डिसेंबर १९३७ ला उद्घाटन झाले तेव्हा ते बंगालचे गव्हर्नर होऊन कलकत्त्याला गेलेले, त्यामुळे फीत नव्या गव्हर्नरांच्या, रॉजर लमली ह्यांच्या, वाट्याला आली. १९३९ साली ब्रेबर्नसाहेब वारले. अमरत्वाचा व्यवहार वेळेवर उरकला होता म्हणायचे.

नकाशा ग्रेगसन, बॅटली आणि किंग ह्या मुंबईच्या नामांकित वास्तुशिल्पी मंडळींचा. आणि नकाशा म्हणून सांगतो, देखणा आहे. त्यांनी आधी क्लब काढला आणि क्लबाला अंगण असावे तसे मैदान काढले. पॅव्हिलियन म्हणजे घर. त्यात खोल्या, पाहुणे संघ तिथेच उतरायचे, सकाळी चहा घेऊन सज्जात आले की समोर खेळपट्टी. घरमालक, म्हणजे सभासद, ऐसपैस खुर्च्यांवर. आणि तिकीटवाले, म्हणजे आपण, अंगणाच्या पलीकडच्या कडेला, ईस्ट स्टँडमध्ये. लग्नघरात मांडव घातल्यावर ओळखीचे लोक ओटीवर आणि बाकीचे मांडवात, तसे. कोणी अपमान करत नाही. पण ओटीवर या, असेही म्हणत नाही.

गंमत पुढेच आहे. पहिल्याच वर्षी, १९३७ साली, मुंबईची जातवार सामन्यांची स्पर्धा जिमखान्यावरून ह्या नव्या स्टेडियमवर आली. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन हे चार संघ होतेच, त्यात 'दि रेस्ट' हा पाचवा संघ आला आणि तिला पंचरंगी हे नाव पडले. आणि पंचरंगीच्या पहिल्या वर्षी रंग चारच! हिंदूंचा संघ उतरलाच नाही. कारण पंच नव्हते, खेळपट्टी नव्हती. कारण होते प्रेक्षकांच्या जागांची वाटणी. आपल्या वाट्याला जागा कमी आल्या म्हणून. स्टेडियमचा चुना वाळायच्या आत सोफा-खुर्चीवरून रुसवा झाला. लग्नात मुलाकडच्यांना पंगतीत मागे बसवले म्हणून वरात परत गेल्यासारखे. ब्रेबर्नच्या पत्रिकेत हा योग जन्मापासून होता.

मी ब्रेबर्न पाहिले ते १९७३ च्या फेब्रुवारीत, इंग्लंडच्या कसोटीला. माझे मेहुणे ठाकुरद्वारच्या चाळीत राहायचे आणि दुपारच्या चहाइतके क्रिकेट आवश्यक मानायचे. मैदानाच्या नावाने एक लहानसा क्लब होता, क्लबाच्या नावाने त्यांना पास मिळायचा, आणि पासाच्या नावाने त्यांना चाळीत मान होता. आम्ही ईस्ट स्टँडमध्ये बसलो. डब्यात पोळी-भाजी, खिशात संत्री. पुढे बसलेल्या एका अनोळखी गृहस्थांनी मागे वळून मला विचारले, "आपण कुठले?" मी सातपूर म्हणून सांगितले. ते म्हणाले, "असं का? मग हे संत्रं सोलून द्या बघू." बाहेरगावच्या माणसाला मुंबई अशी सामावून घेते. त्या कसोटीत विश्वनाथने शतक केले आणि साडेसहा फुटी टोनी ग्रेगने आमच्या त्या सव्वापाच फुटी विशीला उचलून घेऊन तान्ह्या बाळासारखे जोजवले. सगळे स्टेडियम हसले. सोफा हसला, खुर्ची हसली, आम्ही तर संत्र्यासकट उभे राहिलो. घरचे कार्य असावे, असेच ते मैदान होते.

१९६० सालची गोष्ट तर सर्वांना पाठ आहे. ऑस्ट्रेलियाविरुद्ध अब्बास अली बेगने अर्धशतक केले आणि एक मुलगी स्टँडमधून धावत गेली, त्याच्या गालाचे चुंबन घेतले आणि परत आली. कोणी शिट्टी वाजवली नाही, कोणी लाठी उगारली नाही. रेडिओवर विजय मर्चंट बोलत होते. आपण शतके आणि द्विशतके काढत होतो तेव्हा ह्या धाडसी मुली कुठे होत्या, अशा अर्थाचे काहीतरी ते बोलले आणि रेडिओपुढे बसलेला सगळा देश खुदकन हसला.

हेच मर्चंट पुढे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे अध्यक्ष झाले आणि हसण्याचे दिवस संपले. भांडण सोपे होते. मैदान क्लबाचे, कसोटी भरवायची जबाबदारी बाँबे क्रिकेट असोसिएशनची. असोसिएशनच्या छत्राखाली शहरभरचे शेकडो लहान क्लब, आणि प्रत्येक क्लबात माझ्या मेहुण्यांसारखी पासावर डोळा ठेवून बसलेली माणसे. असोसिएशन म्हणे, आम्हांला जागा वाढवून द्या. क्लब म्हणे, सभासदांच्या जागा आम्ही का द्याव्या? दोन्ही बाजू खऱ्या होत्या, म्हणून तर भांडण मिटेना. असोसिएशनचे अध्यक्ष होते शेषराव वानखेडे, विदर्भातले वजनदार पुढारी, आणि त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष. ज्यांच्या समोर अख्खे मंत्रिमंडळ हात वर करून बोलायची परवानगी मागते, त्यांना तिकिटे मोजून मिळावीत! वानखेड्यांनी ठरवले, आपले घर आपण बांधू.

आणि बांधले. शशी प्रभू ह्या वास्तुशिल्पकाराने नकाशा काढला आणि सुमारे तेरा महिन्यांत स्टेडियम उभे राहिले. आमच्या कारखान्यात शटडाऊन जॉब म्हणतात तसले काम : तारीख ठरलेली, वेस्ट इंडीज येणार, मागेपुढे चालायचे नाही. २३ जानेवारी १९७५ ला पहिली कसोटी सुरू झाली.

आता दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहा. ब्रेबर्न ऐसपैस आहे, कारण बॅकबेला नवी कोरी जमीन मिळाली. वानखेडे चिमटीत आहे. पूर्वेला लोकलचे रूळ, पश्चिमेला मरीन ड्राइव्हच्या इमारती, मध्ये जी जागा मिळाली तिच्यात चाळीस-पंचेचाळीस हजार माणसे बसवायची. आडवे पसरता येत नाही, मग वर चढायचे. चाळीचे बांधकाम असेच होते. म्हणून वानखेड्यावर मागच्या रांगेतला माणूससुद्धा खेळपट्टीच्या डोक्यावर ओणवून बसल्यासारखा बसतो. ब्रेबर्नमध्ये आपण सामना पाहतो; वानखेड्यात आपण सामन्यात बोलतो. तिथल्या नॉर्थ स्टँडच्या काँक्रीटच्या पायऱ्यांवर बसून मी गोलंदाजाला दिलेले सल्ले कर्णधाराने ऐकले असते तर एकदोन मालिका वाचल्या असत्या. देखणेपणाला मी ब्रेबर्नला मत देईन, ड्राफ्ट्समन म्हणून. पण बघण्यासाठी, आमच्या रस्त्यापलीकडच्या विटांच्या पायऱ्या ज्याने पाहिल्या आहेत तो वानखेड्यालाच मत देणार.

पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ काढल्या. त्याचे द्विशतक झाले तेव्हा एक मुलगा कुंपण ओलांडून त्याचे अभिनंदन करायला धावला. पंधरा वर्षांपूर्वी ब्रेबर्नवर एक मुलगी धावली होती तसाच. ह्या मुलाला मात्र पोलिसांनी धरून बडवले. ते हजारो लोकांनी पाहिले, आणि वानखेड्याच्या नकाशाचा गुण असा की ते सगळ्यांना नीट दिसले. मग व्हायचे ते झाले. दंगल झाली, मोडतोड झाली, आग लागली, खेळ थांबला. नव्या घराची वास्तुशांत अशी झाली. मुलगी आणि मुलगा, गालाचे चुंबन आणि हस्तांदोलन हे फरक आहेतच. पण पाहुणा अंगणात उतरला तर घरमालक काय करतो, आणि गर्दी अंगणात उतरली तर व्यवस्थापन काय करते, हाही फरक त्यात आहे असे मला वाटते.

त्याच कसोटीतली एक गोष्ट मात्र मला सगळ्यांत आवडते. वानखेड्यावर हिंदी फलंदाजाचे पहिले शतक कोणी काढले? गावसकर ८६ वर गेला, विश्वनाथ ९५ वर गेला. शतक काढले एकनाथ सोलकरने, १०२. सोलकरचे वडील मरीन ड्राइव्हच्या हिंदू जिमखान्याचे माळी. मैदानाच्या कडेच्या झोपडीत हा मुलगा वाढला. १९३७ साली जागा कमी मिळाल्या म्हणून हिंदूंचा संघ रुसला होता; अडतीस वर्षांनी त्याच जिमखान्याच्या माळ्याच्या पोराने नव्या मैदानावर पहिला मान घेतला. त्याची कसोटी कारकीर्दीतली ही एकच शंभरी. ती त्याने दुसरीकडे कुठे काढली असती तर मला करमले नसते.

ही भाऊबंदकी आपलीच, असे मला वाटत होते. पुढे मुलगा नोकरीसाठी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाला गेला आणि आम्ही उभयता नातवाला खेळवायला तिकडे गेलो, तेव्हा कळले की तिथेही आहे. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना ही दोन विद्यापीठे, मध्ये दहाएक मैल, आणि वैर कॉलेजच्या बास्केटबॉलचे. ड्यूकचे कॅमरन इनडोअर स्टेडियम १९४० सालचे, दगडी, सुमारे ९,३०० माणसांचे. त्याचा पहिला आराखडा आगपेटीच्या पाठीवर काढला होता अशी दंतकथा सांगतात. (आमच्याकडे तो कँटीनच्या कुपनावर निघायचा.) तिथे कोर्टाला लागून, अगदी खेळाडूंच्या कानाशी, विद्यार्थी उभे, श्रीमंत देणगीदार वरच्या बाजूला. म्हणजे सतरंजी पुढे, सोफा माडीवर! आवाज असा की पाहुण्या संघाला आपल्या कोचचे बोलणे ऐकू येत नाही. शेजाऱ्यांनी १९८६ साली त्याच्या दुपटीहून मोठे, २१,००० हून जास्त माणसांचे, स्टेडियम बांधले आणि उद्घाटनाच्या सामन्याला बोलावले कोणाला, तर ड्यूकलाच. सामना ९५-९२ असा जिंकलासुद्धा. पण पैसा देणगीदारांचा, त्यामुळे पुढच्या खुर्च्या देणगीदारांच्या. थोड्याच वर्षांत पाहुणे खेळाडू म्हणू लागले की इथे फार शांतता असते. मग एका बास्केटच्या मागे पोरांना उभे राहायला जागा करून द्यावी लागली. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही इथंही सोफाच बघताय?" मी म्हटले, "अगं, तोच तर आहे."

कॅमरनचा नकाशा ज्युलियन एबल ह्या कृष्णवर्णी वास्तुशिल्पकाराचा. ड्यूकच्या आवाराच्या इमारती त्यानेच काढल्या. कागदावर नाव मालकाच्या फर्मचे. त्या काळी ड्यूकमध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. तो मिळायला लागला १९६१ पासून. एबल १९५० सालीच वारला होता. नऊ हजार माणसे कुठे बसतील ते त्याने इंचाइंचाने ठरवले, आणि त्याच्या घरच्या मुलाला तिथल्या वर्गात बाक नव्हता. २०१६ साली त्या विद्यापीठाने आवारातल्या मुख्य चौकाला त्याचे नाव दिले. मी त्या चौकात थोडा वेळ उभा राहिलो. तेहतीस वर्षे मीही नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात, 'काढणार' ह्या चौकोनात, दोनच अक्षरे लिहीत आलो होतो. बाकी काही साम्य नाही. पण उभा राहिलो.

इकडे मुंबईत काळाने दोघा भावांची चांगली फिरकी घेतली. १९७३ नंतर ब्रेबर्नवर कसोटी नाही. छत्तीस वर्षे ते घर पंगतीवाचून राहिले. मग २०११ चा विश्वचषक आला, वानखेडे पाडून नव्याने बांधायला घेतले, आणि २००९ च्या डिसेंबरात श्रीलंकेची कसोटी आली ती मुकाट्याने ब्रेबर्नच्या ओसरीवर. सेहवागने २९३ काढल्या, भारत डावाने जिंकला आणि क्रमवारीत पहिल्यांदाच पहिला आला. धाकट्याच्या घरी गवंडी आले की थोरल्याच्या घरी मुलीचे लग्न होते, तशातला प्रकार.

नव्या वानखेड्याचे छप्पर मात्र मी टोपी काढून पाहिले. पुढे एकही खांब नाही, मागच्या बाजूने पेललेले, वर टेफ्लॉनचे कापड. (टेफ्लॉन म्हणजे डोशाच्या तव्याला असते तेच. इकडे माणसे चिकटू नयेत म्हणून असावे.) गरम हवा ओढून घ्यायला छपरात पंखे, म्हणजे पश्चिमेकडून समुद्राचा वारा आत येतो. पायऱ्यांच्या जागी खुर्च्या आल्या, आणि खुर्च्या आल्या की माणसे कमी मावतात. पंचेचाळीस हजारांचे तेहतीस हजार झाले. आणि २ एप्रिल २०११ च्या अंतिम सामन्याला त्या तेहतीस हजारांतली, क्लबांचे, प्रायोजकांचे आणि मानाचे वाटे जाऊन, सर्वसामान्यांना विक्रीला राहिली ती सुमारे ४,०००. तिकिटे कमी मिळतात म्हणून जे घर बांधले, त्या घराची ही वाटणी. धोनीचा शेवटचा षटकार जिथे पडला तिथल्या खुर्च्या पुढे, २०२३ साली, स्मारक म्हणून राखून ठेवायचे ठरले. म्हणजे आणखी काही जागा गेल्या.

त्या रात्री मी ठाकुरद्वारला मेहुण्यांकडे होतो. त्यांच्या क्लबाचा पास त्यांच्यापर्यंत आला नव्हता. वाटेत बऱ्याच माणसांचा मान राखावा लागला असणार. चाळीतले सगळे टीव्हीपुढे. खोलीत एकच कोच, त्यावर मेहुणे आणि मी, बाकीचे सतरंजीवर. खिडकी उघडी होती आणि वारा समुद्राकडचा. पडद्यावर गोलंदाज अजून धावत येत होता, आणि तिकडून, वानखेड्याच्या बाजूने, एक प्रचंड आवाज आला. चित्र उपग्रहाला वळसा घालून येते, आवाज सरळ येतो. मी मनातल्या मनात सेकंदाला तीनशेचाळीस मीटरने भागाकार करू लागलो. मेहुणे कोचावरून उठले, खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि पडद्याकडे पाठ करून म्हणाले, "भावोजी, सिक्स आहे. बघा आता."